‘लाईक’चा गुन्हा आणि मोबाईलची रिंगटोन

२४ मार्च २०१५ आणि १६ मे २०१५ या दोन तारखांमध्ये अवघे ५३ दिवसांचे अंतर आहे. पहिल्या तारखेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. इंटरनेटवर लिहिणाऱ्या नागरिकाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली म्हणून सर्वत्र आनंद व्यक्त झाला, अग्रलेख लिहिले गेले. दुसऱ्या तारखेला शिर्डीत लग्नासाठी आलेल्या, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गौरवगीताची होती. पोलिसांत नोंदलेल्या तक्रारीनुसार शेजारच्या टोळक्याला ती खटकली, त्यांनी मोबाईल बंद करायला सांगितले, वाद झाला, आणि त्या तरुणाला मारहाण करीत मोटारसायकलवरून उचलून नेऊन ठार करण्यात आले.

पहिली घटना अभिव्यक्ती स्वातंत्र्याची म्हणून नोंदली गेली. दुसरी मात्र गुन्हेगारीच्या पानावरची बातमी ठरली. आमच्या मते या दोन्ही घटना एकाच प्रश्नाच्या आहेत. हातातल्या यंत्रातून कोणता आवाज काढायचा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? राज्यघटनेच्या कलम १९ ने तो अधिकार नागरिकाला दिला आहे. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बाबतीत आधी गाव आडवे येते, मग पोलीस ठाणे, आणि आता भरीस भर म्हणून मोबाईलच्या कंपन्या. इंटरनेटच्या स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींचा विषय समजली जाते. आंबेडकरी चळवळीने हा विषय त्यांच्याकडे सोडून देणे परवडणारे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हे कलम काय होते ते समजून घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती झाली. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता, अशा वातावरणात संसदेने फारशी चर्चा न करता ती संमत केली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अंमलात आली आणि तिच्याबरोबर ६६-अ आले. संगणक वा मोबाईलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविला, किंवा खोटी माहिती त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष निर्माण करण्यासाठी पाठविली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. आता ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय? कोणाला आक्षेपार्ह? ‘गैरसोय’ झाली हे कोणी ठरवायचे? याचे उत्तर कायद्यात कुठेच नव्हते. म्हणजेच ते ठाणेदाराच्या खुर्चीत होते. आणि ठाणेदाराच्या खुर्चीचा आपल्या समाजाला काय अनुभव आहे हे वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही.

या कलमाचा पहिला मोठा गाजावाजा आपल्या महाराष्ट्रातच झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की अशी माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला? तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाईक’ केले. एवढाच दोघींचा गुन्हा! जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. पोलिसांनी अटक मात्र या दोन मुलींना केली. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे तो खटलाही बंद झाला. परंतु ‘लाईक’ करणे हाही गुन्हा होऊ शकतो, हे त्या दिवशी अवघ्या देशाला कळले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचे व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठविले म्हणून अटक झाली होती. त्यांची सुटका न्यायालयाने केव्हा केली? २०२३ च्या जानेवारीत. जवळपास अकरा वर्षे एक प्राध्यापक तारखांना हजेरी लावत राहिला. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर तर राजद्रोहही लावला होता.

पण आमच्या वाचकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे प्रकरण उत्तर प्रदेशातील रामपूरचे. कंवल भारती हे हिंदीतील दलित विचारवंत, समीक्षक. उभे आयुष्य लेखनात घालविलेला माणूस. २०१३ साली दुर्गाशक्ती नागपाल या महिला अधिकाऱ्याला राज्य सरकारने निलंबित केले, त्यावर त्यांनी फेसबुकवर सरकारला दोन कडक शब्द सुनावले. ६ ऑगस्ट २०१३ रोजी पोलीस त्यांच्या दारात. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला हे खरे, पण साठीच्या घरातल्या लेखकाला चार ओळींसाठी उचलून नेता येते, हा संदेश पोहोचायचा तो पोहोचलाच. सर्वोच्च न्यायालयात ६६-अ च्या विरोधात जी प्रकरणे चालू होती, त्यांत ही अटकही मांडली गेली. मराठी वृत्तपत्रांतून पालघरवर जेवढे लिहिले गेले त्याच्या दशांशही कंवल भारतींवर लिहिले गेले नाही. असो.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करणे क्रमप्राप्त आहे. ‘आक्षेपार्ह’ या शब्दाची आपल्या चळवळीला इतकी धास्ती का असावी? कारण आपला अवघा विचारच कोणाला ना कोणाला आक्षेपार्ह वाटत आलेला आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, आणि भाषणाचा मजकूर वाचून मंडळाचेच धाबे दणाणले. अमुक भाग वगळा, तमुक वाक्य काढा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, आणि ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ जगापुढे आले. हे मंडळ सनातन्यांचे नव्हते, स्वतःला सुधारक म्हणविणाऱ्यांचे होते, हे लक्षात घ्या. सुधारकांनाही जे न सोसवणारे होते, ते ६६-अ च्या मापाने मोजले असते तर काय झाले असते? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, तिचे चित्रण आज कोणी मोबाईलवरून पाठविले असते तर किती लोकांची ‘गैरसोय’ झाली असती!

म्हणून हे कलम रद्द होणे ही आपल्याही हिताची गोष्ट होती. आणि ते रद्द झाले कोणत्या मार्गाने? पालघरच्या अटकेनंतर दिल्लीची २१ वर्षांची तरुणी श्रेया सिंघल थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, ती घटनेच्या कलम ३२ खाली. हे तेच कलम, ज्याला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने निकाल देताना तीन गोष्टींत फरक केला: चर्चा करणे, एखाद्या मताचा आग्रह धरणे आणि चिथावणी देणे. पहिल्या दोन गोष्टी कितीही कटू असोत, त्या घटनेने संरक्षिलेल्या आहेत. चिथावणीच्या पायरीवर आल्याखेरीज कायद्याला हात घालता येणार नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये बंधनांची आठ कारणे दिलेली आहेत. देशाची सार्वभौमता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. त्या आठात ‘त्रास झाला’ हे कारण नाही.

येथे काही उत्साही मित्र म्हणतात की अभिव्यक्तीवर कोणतेच बंधन नको. बाबासाहेबांची भूमिका तशी नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, मूलभूत हक्कांना अपवाद ठेवले म्हणून टीका करणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले होते की कुठल्याच देशात हे हक्क निरंकुश नाहीत; त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा दाखला दिला होता. तेव्हा बंधन असावे, पण ते घटनेत लिहिलेले असावे, मोजके असावे आणि ठाणेदाराच्या लहरीवर नसावे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. श्रेया सिंघल यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु त्यांच्या मातोश्री सर्वोच्च न्यायालयात वकील आहेत. घटनेचा आत्मा दिल्लीत आहे. आपल्या तालुक्यातल्या पोराला तिथपर्यंत जाण्याचे रेल्वेचे भाडे, राहण्याची सोय आणि वकिलाची फी कोण देणार?

आता पुढची हकीकत ऐका. कलम मेले, पण त्याचे भूत पोलीस ठाण्यांत फिरतच राहिले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना पाठवा, असा आदेश काढावा लागला. तरीही मार्च २०२१ पर्यंत ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत या मेलेल्या कलमाखाली ७४५ खटले प्रलंबित असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आले, आणि न्यायमूर्तींनाच धक्का बसला. अशा प्रकरणांच्या यादीत आपला पुरोगामी महाराष्ट्र सर्वात वर होता. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने सांगितले की या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, आणि असेल तिथून ते कलम वगळा. रद्द झालेला कायदा खऱ्या अर्थाने रद्द करायला साडेसात वर्षे लागली!

हा केवळ कागदोपत्री घोळ आहे असे कोणी समजू नये. २०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या ओळखीचा एक पोरगा, बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला, तालुक्याच्या गावी राहणारा, हातात नोटीस घेऊन आमच्याकडे आला. त्याने वस्तीतल्या तरुणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. शिष्यवृत्तीच्या तारखा, भरतीच्या जाहिराती, चौदा एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब, असा तो ग्रुप. त्यात कोणीतरी गावच्या एका पुढाऱ्याची खिल्ली उडविणारे चित्र टाकले. तक्रार झाली आणि बोलावणे आले ते या पोराला. आम्ही त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. हवालदार त्याला म्हणाला, “अ‍ॅडमिन तूच ना? मग तुझ्यावरच येणार.” नोटिशीत पेनाने लिहिले होते, कलम ६६-अ. निकालाची झेरॉक्स आम्ही सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि म्हणाले, “सर, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. वरून येऊ द्या.” चार वर्षांपूर्वीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्याच्याही वर आणखी काय असते ते आम्हाला समजले नाही.

त्या पोराचे पुढे काही झाले नाही. तीन-चार चकरा मारायला लावून प्रकरण थंड पडले. पण त्याने ग्रुप बंद केला. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख त्या वर्षी वस्तीतल्या दोघा-तिघांना कळलीच नाही. कायद्याच्या पुस्तकात या नुकसानीला कलम नाही.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. ग्रुपमधल्या सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिनचा समान उद्देश वा संगनमत असल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो खटला गोंदिया जिल्ह्यातला होता. तेव्हा ‘अ‍ॅडमिन तूच ना’ या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याकडे आहे.

मात्र आपली बाजू सांगताना दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे, पोटासाठी सोलापूर जिल्ह्यातून शेकडो मैल दूर आलेली. मुले पळविणारी टोळी फिरते आहे अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्यांच्याकडे ओळखपत्रे होती, ती कोणी पाहिली नाहीत. भटक्या विमुक्तांवर चोरीचा शिक्का इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारला. तो पुसायला १९५२ उजाडावे लागले, आणि २०१८ मध्ये एका पुढे ढकललेल्या संदेशाने तो पुन्हा कपाळावर आला. या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर पाचाची मर्यादा!

जमावाला अफवा लागतेच असे नाही, निमित्त पुरते. जून २०१४ मध्ये हडपसरला फेसबुकवरील बदनामीकारक चित्रांवरून जो उद्रेक झाला, त्यात मोहसीन शेख हा संगणक अभियंता मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, ऑर्कुटवर शिवरायांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुणाला उचलले. दूरसंचार कंपनीने चुकीचा पत्ता दिला होता. माणूसच चुकीचा! तोपर्यंत त्याचे येरवड्यात ५० दिवस गेले होते. जमाव काय किंवा पोलीस काय, घाईत उचललेला माणूस बहुधा कोणीतरी एकटा, परका, दुबळा असतो.

आता आपल्या घरातला प्रश्न. आम्हाला तो नेहमी विचारला जातो, काही वेळा कुत्सितपणे. तुम्हाला देवाधर्माची चिकित्सा करायला स्वातंत्र्य हवे, मग बाबासाहेबांबद्दल कोणी काही बोलले की तुमचे रक्त का उसळते? प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील व्यंगचित्रावरून वादळ उठले. चित्र १९४९ चे, शंकर यांचे. घटनारूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरूंच्या हातात चाबूक. आपल्याकडच्या लिहित्या मंडळींनी त्या वेळी अतिशय समर्पकपणे दाखवून दिले की वर्गात बाकावर बसलेल्या एकट्या दलित मुलाला हे चित्र कसे दिसेल, आणि बाकीचा वर्ग त्याच्याकडे पाहून कसा हसेल. हा मुद्दा बिनतोड होता. परंतु १२ मे रोजी पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चा त्या मुलाची राहिली नाही, मोडलेल्या खुर्च्यांची झाली. ती तोडफोड आम्हाला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. ज्यांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढून लढाई सुरू केली, ज्या ‘मूकनायक’ची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला होता, त्यांच्या अनुयायांनी मुद्दा हातात असताना दगड का उचलावा?

चिकित्सा आणि जातीवरून केलेली अवहेलना यांत मात्र फरक आहे, आणि तो कायद्यानेही मान्य केला आहे. ६६-अ गेल्याने आपण निःशस्त्र झालो असा काहींचा गैरसमज आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली सुधारणा होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींबद्दल द्वेष पसरविणे, किंवा या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा अन्य कोणत्याही मार्गाने अनादर करणे, हा आता स्पष्ट गुन्हा आहे. समाजमाध्यमांवरची शिवीगाळ ‘लोकांच्या समक्ष’ झाली असे मानायचे का, हा वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले की फेसबुकवरचा मजकूरही या व्याख्येत बसू शकतो, पण तो विशिष्ट व्यक्तीला उद्देशून हवा. त्या प्रकरणात तसे नव्हते म्हणून गुन्हा रद्द केला. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले की इंटरनेटवर टाकलेली चित्रफीत पीडित व्यक्ती जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा तेव्हा ती तिथे हजर आहे असेच समजावे. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्याच दुसऱ्या एका प्रकरणात बजावले की ज्याचा अपमान झाला तो अनुसूचित जातीचा आहे एवढे पुरेसे नाही. अपमान त्याच्या जातीच्या ओळखीवरून झाला हे दिसले पाहिजे. निकाल आवडो न आवडो, तक्रार लिहिताना तो डोळ्यांसमोर ठेवावाच लागेल. नुसते ‘आमच्या भावना दुखावल्या’ असे लिहून चालायचे नाही. कोणते शब्द, कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यावरून, हे सगळे हवे. स्क्रीनशॉट घेऊन थांबू नका. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, म्हणजे जुन्या ६५-ब च्या जागी, डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर बडे वकील प्रकरण तिथेच पाडतात.

संघटनेचे साधन म्हणून या यंत्राने काय केले, ते २ एप्रिल २०१८ रोजी साऱ्यांनी पाहिले. २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याला कात्री लावली, तीही आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात. कोणा एका पक्षाने वा नेत्याने हाक दिलेली नसताना मोबाईलवरून मोबाईलवर निरोप गेला आणि भारत बंद झाला. पंजाब सरकारने आदल्या संध्याकाळपासूनच मोबाईलचे इंटरनेट बंद केले, राजस्थान-मध्य प्रदेशातही ठिकठिकाणी ते तोडले. त्या दिवशी माणसे मेली, त्यांत बहुतांश आपलीच होती. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला. म्हणजे आमची वस्ती बोलू लागली की आधी तार तोडायची, हे धोरण त्या दिवशी उघड झाले. न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की इंटरनेट बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, ती बेमुदत असता कामा नये. पण बंदीचा अधिकार २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही आहेच. त्यामुळे आमचे म्हणणे एवढेच की मोर्चाचा निरोप फक्त मोबाईलवर ठेवू नका. बुद्धविहाराचा फळा अजून कोणाला तोडता आलेला नाही.

आणि लिहिले नाही तरी सुटका आहे असे नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कागदपत्रे घुसविल्याचे अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने २०२१ मध्ये म्हटले. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाही. विल्सन आणि ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना जामीन मिळाला तो ८ जानेवारी २०२५ रोजी, साडेसहा वर्षांनी.

तो नोटीसवाला पोरगा मध्यंतरी भेटला. आता खाजगी कंपनीत कामाला आहे, रात्रीच्या एस.टी.ने जा-ये करतो. ग्रुप पुन्हा सुरू केला का, असे आम्ही विचारले. म्हणाला, “केलाय सर, पण अ‍ॅडमिन चौघे ठेवलेत. एकाला उचललं तर बाकीचे तीन राहतील.” मग थोडा थांबून म्हणाला, “आईनं रिंगटोन तेवढी बदलायला लावली. गाडीत कोण बसलेलं असतंय सांगता येत नाही, म्हणते.” एवढ्यात त्याचा फोन आला. वाजला नाही, खिशात नुसताच थरथरला.